विस्तव जाण्याची वाट

प्रथम वर्षाच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना ‘विस्तव न जाणे’ हा वाक्प्रचार आला की आम्ही दोघेही, आपापल्या महाविद्यालयांत, एकच प्रश्न विचारतो : विस्तव जातो म्हणजे कुठून कुठे जातो? ‘हाडवैर असणे’ हा अर्थ बहुतेकांना पाठ असतो. वाक्यात उपयोगही करता येतो. पण विस्तवाची वाट विचारली की वर्ग गप्प होतो. मग आम्ही सांगतो, की काडेपेटी घरोघर येण्यापूर्वी रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत, सकाळी ते फुंकून चूल पेटवीत, आणि कधी ते विझलेच तर घरातली बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाई व त्यावर निखारा मागून आणी. धान्य उसने मागायला संकोच वाटे, पैसे मागायला लाज वाटे. विस्तव मागायला मात्र काही वाटत नसे, कारण दिल्याने तो देणाऱ्याचा कमी होत नाही. म्हणूनच ज्या दोन घरांतून एवढीही देवघेव उरली नाही, त्यांच्या वैराला आणखी विशेषण लावण्याची गरज भाषेला भासली नसावी.

मराठीतले चुलीभोवतीचे बहुतेक शब्दप्रयोग असेच माणसामाणसांतील व्यवहारांविषयी बोलतात. वेगळी चूल मांडणे म्हणजे स्वयंपाकाची सोय करणे नव्हे, हे कोणालाही कळते. घरात चूल पेटली नाही असे म्हटले की ऐकणारा लाकडे ओली होती का असे विचारत नाही. तो घरात कोणी गेले का, की दाणाच नव्हता, असे मनाशी विचारतो. चूल पेटत नाही याचे कारण चुलीच्या बाहेर शोधावे लागते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. स्टोव्ह आला, सिलिंडर आला, गोबरगॅस आला. पण त्यांच्यासाठी मराठीने फारसे नवे वाक्प्रचार घडवले नाहीत. ‘गॅस पेटत नाही’ हे वाक्य अजूनही केवळ दुरुस्तीच्या भाषेतले वाक्य आहे. ते तसे राहू शकत नाही, असे आम्हांला एका जानेवारीत वाटू लागले. त्याची ही हकिकत.

आमच्यापैकी एकाचे घर शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथे आहे. दुसरीचे ते सासर. घोड आणि कुकडी या नद्यांच्या मधला हा टापू. कांदा, ऊस, बाजरी, आणि घरोघर दुभती जनावरे. गावाचे नाव येमाई देवीवरून पडलेले. आमच्या विषयाच्या मंडळींना ते लावण्या व लोकनाट्ये लिहिणाऱ्या बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांच्यामुळेही ठाऊक असते. घर जुने, लांबट, एका रांगेत खोल्या असलेले. मागे गोठा, गोठ्यालगत गोबरगॅसची टाकी, आणि तिथून घराच्या पाठभिंतीने स्वयंपाकघरापर्यंत आलेला एक इंची पाइप. टाकी आजोबांनी बांधवून घेतली तेव्हा घर एकत्र होते आणि गोठ्यात बैलजोडी धरून सात जनावरे होती.

या टाकीचा नमुनाही भारतीय प्रयोगांतून आलेला आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरल्याचे या विषयाच्या इतिहासात सांगतात. शेणापासून वायू मिळवण्याचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ मध्ये केले. पुढे जशभाई पटेल यांनी विहिरीसारख्या खड्ड्यावर पालथे लोखंडी पिंप तरंगते ठेवण्याची रचना केली आणि साठच्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती स्वीकारली. आमच्याच जिल्ह्यात, देहूला, डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी आयुष्यभर शौचालयांना जोडलेल्या गॅससंयंत्रांचे काम केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आजोबांनी यातले काही वाचले नसावे. पंचायत समितीच्या माणसाने समजावून सांगितले, अनुदान मिळाले, टाकी झाली. तरंगत्या पिंपाचा एक गुण मात्र निरक्षरालाही कळतो : गॅस साठला की पिंप वर येते, वापरला की खाली जाते. घरातल्या बायका परसात डोकावून पिंपाकडे पाहत आणि आज भाकरीबरोबर कालवणही याच्यावर होईल की नाही ते ठरवत.

२०२४ च्या संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही गावी पोचलो तेव्हा ही शेगडी पेटत नव्हती. दिवाळीनंतर ज्योत बारीक होत गेली, कधी फडफडू लागली, आणि डिसेंबरअखेर पूर्ण थांबली. धाकट्या भावाने आपल्या परीने बरेच केले होते. रबरी नळी बदलली, लायटर बदलला, बर्नरची छिद्रे तारेने साफ केली. शेवटी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी शेगडीही आणली. ती सिलिंडरच्या गॅससाठी बनवलेली होती. सिलिंडरचा गॅस जास्त दाबाने येतो आणि त्यात उष्णताही अधिक असते, म्हणून त्याच्या जेटचे छिद्र अगदी बारीक ठेवतात. गोबरगॅसला मोठे छिद्र लागते. नव्या शेगडीवर टाकी व्यवस्थित चालत असती तरी धड भाकरी भाजली नसती. आई सिलिंडरवर सारे उरकत होती, पण अंघोळीच्या पाण्याला तो जाळणे तिच्या जिवावर येई.

इथे थोडे ज्योतीविषयी सांगायला हवे. शेगडी पेटण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : गॅस शेगडीपर्यंत पोचला पाहिजे, आलेला गॅस जळणारा असला पाहिजे, आणि त्यात हवा योग्य प्रमाणात मिसळली पाहिजे. गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तोच वाढला तर गॅस भरपूर असूनही पेटत नाही. नव्याने भरलेल्या टाकीतला पहिला गॅस म्हणूनच सोडून देतात. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात, थंडीत मंदावतात. आमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या जवळ उतरला की पिंप वर यायला वेळ लागतो. शिवाय घनमीटरभर गॅसला रोजचे पंचवीस किलो शेण लागते, आणि आईच्या दावणीला आता दोनच गाई व एक कालवड. तेव्हा थंडी आणि कमी शेण ही कारणे समोर उभीच होती, आणि गावात ज्याला त्याला तीच पटली होती.

परंतु पिंप वर होते. नुसते वर नव्हते, तर काठोकाठ चढले होते, आणि त्याच्या कडेने स्लरीतून बुडबुडे फुटत होते. म्हणजे गॅस तयार होत होता, साठत होता आणि जागा न उरल्याने वाया जात होता. संहितेचे वाचन करताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की अर्थ लावण्याआधी समोर काय आहे ते पाहा. थंडी हा अर्थ होता; पिंप ही संहिता होती. ती सरळ सांगत होती, की उणीव टाकीत नाही.

पुढचे काम भावाने व आम्ही मिळून केले. खिडक्या उघडल्या, जवळपास विस्तव नाही याची खात्री केली. गळती काडी लावून पाहायची नसते, साबणाच्या फेसाने पाहायची असते, हे भावाला माहीत होते; सांध्यांना फेस लावला, कुठे फुगा आला नाही. मग शेगडीकडची नळी काढून तिचे टोक तांब्यातल्या पाण्यात बोटभर बुडवले आणि कॉक उघडला. एकही बुडबुडा नाही. गॅस स्वयंपाकघरात येतच नव्हता. परसात जाऊन पिंपावरची नळी सोडवली आणि तिचे टोक तसेच बुडवले, तर पाणी उकळल्यासारखे खळखळले. गॅस तिथे होता, इथे नव्हता. दोहोंच्या मध्ये साठेक फूट पाइप होता, आणि पाइपाच्या मध्यावर भिंत होती.

ही भिंत दिवाळीआधी बांधलेली. वडील गेल्यानंतर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकटा भाऊ आणि चुलते यांच्यात बोलाचाली झाली. ती बांधापर्यंत गेली, मग मोजणीच्या अर्जापर्यंत, आणि शेवटी परसातून भिंत उठली. गवंड्याने वाटेत आलेला पाइप तोडला नाही. त्याने तो पायाच्या वरून उचलून घेतला आणि पलीकडे पुन्हा खाली सोडला. सौजन्यानेच केले म्हणायचे. त्यामुळे पाइपाला पलीकडच्या अंगाला पोट सुटले.

टाकीतला गॅस ओला असतो. उबदार स्लरीतून निघताना तो वाफ घेऊन निघतो, आणि थंडीच्या रात्री गार पाइपात शिरला की त्या वाफेचे पाणी होते. म्हणून असा पाइप टाकताना त्याला उतार देतात आणि सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्याचा कॉक बसवतात. तरंगत्या पिंपाच्या गॅसचा दाब तो किती? सुमारे दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. म्हणजे पाइपाच्या पोटात अर्ध्या वितीइतके पाणी उभे राहिले, की अख्ख्या टाकीचा गॅस त्याच्यापुढे थांबतो. ज्या घरातले भांडण पाण्यावरून सुरू झाले, त्या घराची शेगडी पाण्यानेच अडवली होती. हे आम्ही रचलेले रूपक असते तर फार ढोबळ म्हणून खोडून टाकले असते.

कॉक कुठे आहे, हा प्रश्न उरला. भावाला तो ठाऊक नव्हता. आजोबांनी सांगितले नव्हते; वडिलांनाही बहुधा कल्पना नसावी. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नहाणीच्या मागं हाय. काकी काढायची पाणी, दर आठ दिसाला. मी भाकरी थापायची, ती पाणी काढायची.” नहाणी आता भिंतीपलीकडे होती.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एकत्र घरात दोन जावांनी न बोलता वाटून घेतलेल्या शेकडो कामांतले ते एक काम होते. त्याला नाव नव्हते, त्याची नोंद नव्हती, ते दुरुस्तीतही मोडत नव्हते. वाटणीच्या कागदावर गोठा, विहीर, झाडे, अगदी दगडी रांजणसुद्धा लिहिलेला आहे. आठ दिवसांनी कॉक उघडणे कोणाच्या वाट्याला गेले ते त्यात नाही. घर वाटताना पुरुषांनी मोजता येण्याजोग्या वस्तू वाटल्या, आणि ज्या हालचालींनी घर चालत होते त्या कोणाच्याच वाट्याला न येता थांबल्या. शेगडी बंद पडायला तीन महिने लागले, इतकाच त्या कामाच्या बंद पडण्याचा आवाज.

भाऊ पलीकडे जाणार नव्हता. आईने जाणे म्हणजे एका जावेने दुसरीपुढे मागणे ठेवण्यासारखे होते, आणि त्याला अजून अवकाश होता. गेली ती आमच्यापैकी सून. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. तिळगुळाची वाटी हे निमित्त पुरेसे होते. परसातून जाता येत नव्हते म्हणून ती रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने गेली. चुलते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा वाचू लागले. काकींनी तिळगूळ घेतला, चहा टाकला. गॅसचे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही आता समदं सिलिंडरवरच करता. भित बांधल्यावर कुणी काय म्हणलंच नाही.” मग त्यांनी एक जुनी घमेली उचलली, नहाणीमागे गेल्या, चिंधी धरून कॉक फिरवला. काळसर, वास मारणारे पाणी आले. फार नव्हते, दोन तांबे असेल. पाणी संपून गॅसचा फुस्स आवाज आला तसा त्यांनी कॉक बंद केला. “थंडीत चार दिसाला काढावं लागतंय,” एवढेच म्हणाल्या.

अलीकडे भावाने जुनी शेगडी पुन्हा जोडली होती. पहिली काडी लावली तेव्हा ज्योत पेटली आणि बर्नरपासून सुटून वर तरंगू लागली, मग विझली. गोबरगॅसची ज्योत मुळात संथ. हवा जास्त झाली की ती टिकत नाही. भावाने हवेचा पडदा थोडा मिटवला. ज्योत आधी पिवळसर, थरथरती झाली, मग पडदा किंचित उघडल्यावर खाली बसली आणि निळी झाली. आईने तवा ठेवला नाही. आधी पाण्याचे पातेले ठेवले.

त्याच आठवड्यात मिशिगनमध्ये राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. तिथे तळघरात गॅसची भट्टी असते आणि ती तापवलेली हवा घरभर फिरवते. ती पेटली नाही तर त्या थंडीत घरात राहता येत नाही, नळांतले पाणीदेखील गोठते. त्यांची भट्टी रात्रीत बंद पडली होती. पंखा सुरू होई, पण ज्योत लागत नसे. तपासायला आलेल्या माणसाने गॅसला हातही लावला नाही. त्याने एक बारीक प्लास्टिकची नळी काढून दाखवली. या नव्या भट्ट्या जळालेल्या वायूतली उष्णता इतकी शोषून घेतात की त्यातल्या वाफेचे पाणी होते, आणि ते वाहून नेणारी नळी तुंबली की आतला दाब ओळखणारे बटण भट्टीला पेटूच देत नाही. ऐकून आम्हांला हसू आले. सात समुद्रांपलीकडेही आगीची वाट पाण्यानेच अडवली होती. फरक असा, की त्या यंत्रात नकार देणारे एक बटण आहे. ते जिथे अडते तिथे शोधता येते. आमच्या पाइपात तसे बटण नव्हते. ते काम एका माणसाकडे होते, आणि ते माणूस भिंतीपलीकडे गेले होते.

भाऊ व्यवहारी आहे. त्याने लगेच हिशेब मांडला : पाइप भिंतीच्या अलीकडून नव्याने टाकायचा, उतार आपल्याकडे घ्यायचा, कॉक आपल्या परसात. खर्च फार नाही, एका दिवसाचे काम. कोणताही जाणकार हाच सल्ला देईल, आणि यंत्राच्या दृष्टीने तोच योग्य आहे. ज्याचा गॅस त्याच्या हाती त्याचा कॉक असावा. आम्हीही मान हलवली. आई मात्र म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिथंच.” कारण विचारले तर तिने दिले नाही.

आम्ही ते आपल्या परीने लावून पाहिले. शिक्षकांना ही खोड असतेच. आईला समेट हवा आहे असे म्हणावे, तर ती भांडणाविषयी भावाच्याच बाजूने बोलते. काटकसर म्हणावे, तर पाइपाचा खर्च सिलिंडरांत केव्हाच भरून निघेल. कदाचित तिला इतकेच कळत असावे, की पाइप हलवला तर भिंत पुरी होईल. आज ती अपुरी आहे. तिच्यातून एक इंची वाट शिल्लक आहे. विस्तव आता गोवरीवरून जात नाही. पण कोणीतरी पलीकडे चार दिवसांनी वाकून पाणी काढते, म्हणून अलीकडे तो पेटतो. देणाऱ्याचे काही कमी होत नाही, ही जुनी अट इथेही लागू आहे. उलट न देणे फार सोपे आहे, कारण त्यासाठी काही करावेच लागत नाही. नुसते विसरले तरी पुरते.

यावरून दोन घरे जवळ आली असे लिहिणे खोटे ठरेल. मोजणी अजून व्हायची आहे. विहिरीच्या पाळीवरून उन्हाळ्यात पुन्हा शब्दाला शब्द लागला. भाऊ आणि चुलते समोरासमोर आले तरी बोलत नाहीत, आणि गावात कोणी विचारले तर त्यांच्यातून विस्तव जात नाही असेच उत्तर मिळेल. शब्दशः ते आता चूक असले तरी.

काकींनी पाणी काढायचे मनावर घेतले आहे. आईने त्यांना तसे सांगितलेले नाही, आणि त्यांनीही विचारलेले नाही. थंडीत चार दिवसांनी, एरवी आठ. सकाळी भिंतीपलीकडे घमेली ठेवल्याचा आवाज येतो, मग कॉकचा. आई तो आवाज थांबेपर्यंत थांबते आणि मग काडी ओढते.